अम्लाचे बळ कशात असते?



वैशाखातल्या या संध्याकाळी आपल्यापैकी बरेचजण घरून कैरीचे पन्हे घेऊन निघाले असतील. तेव्हा आजच्या विषयाची चव आपल्या जिभेवर आहेच. कैरी आंबट, चिंच आंबट, ताक आंबट. हरभऱ्याच्या शेतात पहाटे फडके पसरून शेतकरी जी आंब गोळा करतो, तीही आंबटच. चिंचेचे सार बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीला रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते. आणि आपल्या जुन्या रसवैद्यांना असा एक द्राव माहीत होता की ज्यात शंखसुद्धा विरघळे. त्याचे नावच त्यांनी शंखद्राव ठेवले. एका टोकाला पन्हे आणि दुसऱ्या टोकाला शंखद्राव. दोन्ही अम्लेच. मग एक आपण आवडीने पितो आणि दुसऱ्याच्या थेंबानेही हात भाजतो, हे कसे? आपण लगेच उत्तर देतो, “एक सौम्य, दुसरे तीव्र.” हे उत्तर पुष्कळ अंशी बरोबर आहे. परंतु त्यात एक खाच आहे, आणि ती दाखवण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे.

मी अध्यापन करीत असतानाची गोष्ट आहे. प्रयोगशाळेत काचेवर अक्षरे कोरण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक अम्लाची प्लास्टिकची बाटली आणलेली होती. एक हुशार विद्यार्थी ती उघड्या हाताने उचलून बूच काढू लागला. मी ओरडून त्याला थांबवले. तो गोंधळून म्हणाला, “पण सर, पुस्तकात तर हे सौम्य अम्ल म्हणून दिले आहे!” मुलगा खोटे बोलत नव्हता. पुस्तकही चुकीचे नव्हते. चूक होती ती एका शब्दाच्या पोटात दडलेली. त्या दिवशी काही इजा झाली नाही, पण तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

आपण “तीव्र” हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो. पाण्यात अम्ल किती घातले आहे, ही पहिली गोष्ट. तिला शास्त्रात संहत आणि विरल असे शब्द आहेत. ते अम्ल पाण्यात स्वतःचे किती आयन करते, ही दुसरी. तीव्र आणि सौम्य हे शब्द खरे तर फक्त तिच्यासाठी आहेत. आणि ते आपल्याला किती अपाय करते, ही तिसरी. या तिन्हींचा एकमेकींशी आपण समजतो तितका संबंध नाही. हा गुंता सोडवायचा तर अम्ल म्हणजे काय, इथूनच सुरुवात केली पाहिजे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने असा सिद्धांत मांडला की अम्लपणा येतो तो ऑक्सिजनमुळे. ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी अम्ल उत्पन्न करणारा असा आहे. गंधक जाळून झालेला वायू पाण्यात मिसळला की अम्ल होते, फॉस्फरसचेही तसेच होते. तेव्हा तर्क बिनतोड वाटला. पण मिठापासून निघणाऱ्या अम्लाने घोटाळा केला. त्यात ऑक्सिजन सापडेना. १८१०मध्ये इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही याने दाखवून दिले की या अम्लातला हिरवट पिवळा वायू हे क्लोरीन नावाचे मूलद्रव्य आहे, आणि अम्लात ते हायड्रोजनशी जोडलेले आहे. म्हणजे ऑक्सिजनवाचून अम्ल होऊ शकते. पुढे १८३८मध्ये जर्मनीत लीबिग याने सांगितले की धातूला आपली जागा देऊ शकणारा हायड्रोजन ज्यात असतो, ते अम्ल. ऑक्सिजनचे नाव बदलले नाही, पण अम्लाची गादी हायड्रोजनकडे आली.

तरीही प्रश्न उरलाच. हायड्रोजन कैरीतल्या अम्लातही आहे आणि शंखद्रावातही आहे. मग बळात एवढा फरक का? याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. ते आले विजेच्या अभ्यासातून.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. त्यात मीठ किंवा अम्ल घातले की जाते. पाण्यातून वीज वाहून नेणाऱ्या कणांना मायकेल फॅरडे याने १८३४मध्ये आयन म्हणजे जाणारा असे नाव दिले. पण हे प्रवासी तयार होतात कधी? बहुतेकांची समजूत अशी की विजेचा दाब पडला की रेणू फाटतो आणि आयन निघतात. स्वीडनमधल्या उप्साला येथील स्वांते अऱ्हेनियस या पंचविशीतल्या तरुणाने १८८४मध्ये विजेच्या वहनावर प्रबंध सादर केला, आणि त्याच विचाराला १८८७मध्ये पूर्ण रूप दिले. तो म्हणाला, वीज सोडा अगर न सोडा, मीठ पाण्यात पडले की त्याचे आयन सुटे झालेलेच असतात. वीज त्यांना निर्माण करीत नाही, फक्त वाट दाखवते.

आज हे वाक्य शाळेतली मुलेही म्हणतात. पण त्या काळच्या पंडितांना ते वेडेपणाचे वाटले. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन तर विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोघे सुटे फिरत असतील, तर ते पाणी आपण पितो कसे? आक्षेप खोडसाळ नव्हता. त्याचे उत्तर असे की सोडियमचा अणू निराळा आणि सोडियमचा आयन निराळा. एक इलेक्ट्रॉन गेला की त्याचा स्वभावच पालटतो. पण हे पटायला वेळ लागला. विद्यापीठाने अऱ्हेनियसच्या प्रबंधाला इतकी खालची श्रेणी दिली की तिथे अध्यापक होण्याची त्याची वाट जवळजवळ बंद झाली.

त्याने प्रबंधाच्या प्रती बाहेरगावच्या शास्त्रज्ञांना पाठवल्या होत्या. त्यातली एक रीगा येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड याच्या हाती पडली. ओस्टवाल्डने पुढे लिहून ठेवले आहे की एकाच दिवशी त्याला तीन गोष्टी लाभल्या: दातदुखी, कन्यारत्न आणि हा प्रबंध. पैकी त्रास दिला तो प्रबंधाने! कारण ओस्टवाल्ड स्वतः अम्लांची बळे मोजण्यात गुंतला होता. कोणते अम्ल साखरेचे किंवा एस्टरचे विघटन किती वेगाने घडवते, यावरून तो त्यांचा क्रम लावीत असे. आता त्याने त्याच अम्लांतून वीज किती जाते ते मोजले, आणि क्रम तोच आला. जे अम्ल वीज जास्त वाहून नेते, तेच अम्ल काम वेगाने करते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाण्यात मोकळे झालेले हायड्रोजनचे आयन. ओस्टवाल्ड उप्सालाला जाऊन त्या तरुणाला भेटला. आणि खालच्या श्रेणीच्या त्या प्रबंधातून निघालेल्या सिद्धांताला १९०३मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता जरा खोलात जाऊ. हे आयन होतात कसे? हायड्रोजन क्लोराइड हा वायू घ्या. हा कोरडा वायू कोरड्या लिटमस कागदाचा रंग बदलीत नाही. तो बेंझीनमध्ये विरघळवला तर त्या द्रावणातून वीजही जात नाही. म्हणजे तिथे हायड्रोजन असून अम्लपणा जागा झालेला नाही. पाण्याचा स्पर्श होताच मात्र वायूचे रूप पालटते. तेव्हा अम्ल हे एकट्याचे काम नव्हे. त्याला पाण्याचा हात लागतो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू पाण्यात शिरला की पाण्याचा ऑक्सिजन त्याच्या हायड्रोजनला आपल्याकडे ओढतो. हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनपाशी सोडून पाण्याच्या रेणूला चिकटतो. हायड्रोजनचा आयन पाण्यात उघडा कधीच नसतो. पाण्याच्या एका रेणूने त्याला पदरी घेतलेले असते, आणि तोही त्याला फार वेळ धरून ठेवीत नाही, शेजाऱ्याकडे देतो. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तशी ही देवाणघेवाण चालते. म्हणूनच पाण्यात हायड्रोजनचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा सुमारे सातपट चपळ ठरतो.

यात फुकट काहीच होत नाही. हिशेब मांडून पाहा. हायड्रोजन क्लोराइडच्या एका मोलचे, म्हणजे सुमारे साडेछत्तीस ग्रॅमचे, मोकळ्या जागेत दोन आयन करायचे तर सुमारे १४०० किलोजूल ऊर्जा खर्चावी लागेल. एवढी ऊर्जा आणायची कुठून? पण पाणी त्या आयनांभोवती गोळा होते, त्यांना वेढून घेते, आणि त्या आलिंगनात खर्चापेक्षा थोडी अधिकच ऊर्जा मोकळी होते. जमाखर्चाची वजाबाकी होऊन सुमारे ७५ किलोजूल शिल्लक उरतात, ते उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. शिवाय पाण्यात विरुद्ध भारांमधले आकर्षण सुमारे ऐंशी पटींनी कमी होते, त्यामुळे सुटलेले आयन सहजासहजी पुन्हा जुळत नाहीत.

हा व्यवहार सर्वच अम्लांना सारखा परवडत नाही. आणि इथेच तीव्र व सौम्य हा भेद उत्पन्न होतो. लिटरमागे एक दशांश मोल हायड्रोक्लोरिक अम्ल पाण्यात घातले, तर त्याचे जवळजवळ सर्व रेणू आयन होतात. तेवढेच ॲसिटिक अम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले अम्ल घातले, तर हजार रेणूंपैकी अवघे तेरा आयन होतात. उरलेले नऊशे सत्त्याऐंशी जसेच्या तसे राहतात. दोन्ही बाटल्यांत अम्ल सारखेच, पण मोकळे हायड्रोजन आयन मात्र पहिलीत सुमारे पंचाहत्तरपट.

हे तेरा रेणू ठरावीक असतात असे मात्र समजू नका. या सभागृहाच्या दाराकडे पाहा. काही मंडळी बाहेर जात आहेत, काही आत येत आहेत, आणि आतली संख्या साधारण तेवढीच आहे. पाण्यातही तसेच घडते. रेणू फुटत असतात, आयन जुळत असतात, आणि दोन्हींचा वेग सारखा झाला की प्रमाण स्थिर दिसते. पाणी वाढवले, गर्दी विरळ झाली, की जुळण्याची संधी कमी होते. म्हणून तेच ॲसिटिक अम्ल शंभरपट विरल केले तर हजारात तेराऐवजी सुमारे सव्वाशे रेणू आयन होतात. एकूण आयन कमी झाले, पण फुटणाऱ्यांचे प्रमाण वाढले. हा नियम ओस्टवाल्डने १८८८मध्ये मांडला.

आता माझा आवडता प्रयोग सांगतो. त्या दोन बाटल्यांतून पंचवीस पंचवीस मिलिलिटर द्रावण घ्या आणि त्यात कॉस्टिक सोड्याचे एक दशांश मोलचे द्रावण थेंबाथेंबाने सोडा. पहिल्याला पंचवीस मिलिलिटर सोडा लागेल. विद्यार्थ्यांना वाटते, दुसरे सौम्य आहे, त्याला थोडाच सोडा पुरेल. पण त्यालाही बरोबर पंचवीसच मिलिलिटर लागतो! कारण सोड्याने मोकळे हायड्रोजन आयन संपवले की बांधलेल्या रेणूंतून नवे सुटतात, तेही संपले की आणखी सुटतात, आणि अखेरीस एकही रेणू मागे राहत नाही. तीव्र अम्ल म्हणजे आपली सारी पुंजी खिशात घेऊन हिंडणारा माणूस. सौम्य अम्ल म्हणजे थोडे सुटे पैसे जवळ ठेवून बाकीची गंगाजळी घरी ठेवणारा. खिसा पाहून दोघांच्या श्रीमंतीची तुलना केलीत तर फसाल.

एखादे अम्ल हायड्रोजन सहज का सोडते आणि दुसरे का धरून ठेवते? एक कारण बंधाचे. फ्लुओरीन हायड्रोजनला फार घट्ट धरतो, आयोडीन सैल धरतो. म्हणून हायड्रोफ्लुओरिक अम्ल सौम्य आणि हायड्रोआयोडिक तीव्र. दुसरे कारण मागे राहणाऱ्याचे. हायड्रोजन गेल्यावर जो ऋण भार मागे उरतो, तो सोसण्याची ताकद ज्याला आहे तो हायड्रोजन सुखाने जाऊ देतो. मद्यार्कातही ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे आणि ॲसिटिक अम्लातही आहे. पण ॲसिटिक अम्लात मागचा भार दोन ऑक्सिजन वाटून घेतात. ओझे दोघांत वाटले की हलके होते. त्यातच क्लोरीनचा एक अणू बसवला तर तोही भार आपल्याकडे ओढतो आणि अम्लाचे बळ सुमारे ऐंशी पटींनी वाढते.

पण हे बळ एकट्या अम्लाचे नाही, घेणाऱ्याचेही आहे, हे १९२३मध्ये डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडच्या लौरी या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले. अम्ल म्हणजे हायड्रोजनचा आयन देणारा, क्षारक म्हणजे तो घेणारा. घेणारा बदला, बळ बदलेल. पाण्यात नायट्रिक, हायड्रोक्लोरिक आणि परक्लोरिक ही तिन्ही अम्ले जवळजवळ सारखीच तीव्र दिसतात. ती सारखी आहेत म्हणून नव्हे, तर सोप्या प्रश्नपत्रिकेत सर्व हुशार मुलांना शंभरपैकी शंभर मिळतात म्हणून. हायड्रोजन घ्यायला सहजासहजी राजी नसलेल्या शुद्ध ॲसिटिक अम्लात तीच विरघळवा, म्हणजे पेपर कठीण होतो. मग परक्लोरिक पुढे निघून जाते आणि नायट्रिक बरेच मागे पडते. उलट द्रव अमोनिया हायड्रोजन घ्यायला इतका आतुर, की त्यात आपले सौम्य ॲसिटिक अम्लही तीव्र ठरते.

श्रोतेहो, आता त्या विद्यार्थ्याच्या बाटलीकडे परत येऊ. हायड्रोफ्लुओरिक अम्ल सौम्य आहे याचा अर्थ एवढाच, की पाण्यात त्याचे बहुतेक रेणू न फुटता राहतात. आणि नेमके हेच त्याच्या घातकीपणाचे मूळ आहे. आयनावर भार असतो, त्यामुळे कातडीतल्या स्निग्ध थरांतून त्याला सहज जाता येत नाही. न फुटलेल्या छोट्या रेणूला मात्र वाट मिळते. तो खोल शिरतो, आत फुटतो, आणि त्याचा फ्लुओराइड आयन शरीरातल्या कॅल्शियमला पकडून ठेवतो. द्रावण विरल असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होते, तोवर इजा खोल गेलेली असते. हे अम्ल हाताळताना योग्य हातमोजे घालावे लागतात आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम जवळ ठेवावा लागतो तो याचसाठी. पुस्तकातला सौम्य हा शब्द खरा होता. पण तो पाण्याविषयी बोलत होता, हाताविषयी नव्हे.

हीच युक्ती आपण स्वयंपाकघरात उपयोगी पाडतो. सरबतांत आणि लोणच्यांत टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट घालतात. आंबट पदार्थात त्याचे बेंझोइक अम्ल होते, ते पुष्कळसे न फुटलेले राहते, बुरशीच्या पेशीत शिरते आणि तिची वाढ थोपवते. आंबटपणा नसलेल्या पदार्थात त्याचे आयनच राहतात आणि ते बाहेरच्या बाहेर थांबतात. म्हणून ते कैरीच्या सरबतात काम करते, दुधात फारसे नाही.

आणि याहून मोठे उदाहरण आपल्या अंगातच आहे. रक्तात हायड्रोजनचे आयन लिटरमागे सुमारे ०.०००००००४ मोल इतकेच असतात, आणि या आकड्यात थोडासा फेर पडला तरी प्रकृती बिघडते. आपण खातो, धावतो, शरीरात सतत अम्ले तयार होत राहतात. तरी हा आकडा ढळत नाही, याचे कारण कार्बॉनिक हे सौम्य अम्ल आणि त्याचा जोडीदार बायकार्बोनेट आयन. अम्ल वाढले की बायकार्बोनेट हायड्रोजन उचलून घेतो, कमी पडले की कार्बॉनिक अम्ल आपल्या गंगाजळीतून सोडते, आणि फुप्फुसे व मूत्रपिंडे त्या गंगाजळीचा हिशेब राखतात. हे काम एखाद्या तीव्र अम्लाच्या हाती दिले असते तर जमले नसते. त्याच्याजवळ राखीव काही नसतेच. ज्याने पहिल्याच क्षणी सर्व उधळून टाकले, त्याला प्रसंग पाहून देता येत नाही.

तेव्हा कोणत्याही बाटलीपुढे उभे राहिलात तर तीन प्रश्न निरनिराळे विचारा. किती आहे? पाण्यात किती फुटते? आणि माझ्या अंगाशी काय करील? पहिल्याचे उत्तर वजनाने मिळते आणि दुसऱ्याचे पाण्याच्या साक्षीने. तिसऱ्याचे उत्तर मात्र पहिल्या दोन्हींवरून गृहीत धरू नये. ते स्वतंत्रपणे विचारून घ्यावे लागते.